साखरेला काम द्या

आमचे घरमालक काका सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी स्वतःची लघवी उकळत असत. तेही लपूनछपून नाही. भर अंगणात, ओट्यावर मांडी घालून, स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी चिमट्यात धरून. नळीत आधी निळं औषध, त्यात थोडे थेंब, आणि मग आच. आम्ही भाडेकरू आपापल्या दारात चहाचे पेले घेऊन उभे राहायचो, कारण नळीत जो रंग उतरेल त्यावर सगळ्या घराचा दिवस ठरायचा. रंग निळाच राहिला तर साखर नाही. त्या दिवशी काका नळावर कोणाशी भांडत नसत. हिरवा आला तर थोडी साखर. पिवळा, नारिंगी म्हणजे जपून. आणि विटकरी आला की शेजारच्या खोलीतली मिश्राइन भाभी दोरीवरचे ओले कपडे काढून आत नेऊन ठेवायची. "आज आँधी आएगी," म्हणायची.

मी जबलपूरला आले ते बांगलादेशच्या लढाईचं वर्ष. नागपूरहून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि कारखान्याच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची नोकरी लागली होती. मामांच्या ओळखीने या घरात एक खोली मिळाली. त्या वेळची मी कशी होते ते सांगते. दवाखान्यातला पांढरा कोट मी दवाखान्यात घालत नसे, घरूनच घालून सायकलवर निघत असे. नाहीतर रस्त्यातल्या लोकांना कळणार कसं? कोटाच्या खिशाला दोन पेनं. एक चालायचं. कोणी शिंकलं तरी मी त्याला शिंकेचं कारण सांगायची. ती पोरगी आज समोर आली तर तिला आधी वेणी धरून खाली बसवीन आणि मग चहा देईन.

काका कारखान्यात मशीन शॉपचे फोरमन. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. आयुष्य लेथच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीत नव्हतं. काकूंच्या कानात एखादी खासगी गोष्ट सांगितली की ती मिश्राइन भाभीला पहिली कळायची. आणि राग! शॉपमधले कारीगर म्हणत, "भोंगा बिगड़ जाए तो भी चलेगा, साहब हैं न." काकांच्या रागाला कारण लागत नसे. वेळही लागत नसे. पण त्यांच्या शॉपमधून निघालेला माल तपासणीत परत आला असं सहसा व्हायचं नाही, म्हणून वरचे साहेबही तो राग ऐकून घेत.

त्यांना साखर निघाली होती मी यायच्या आधी. रोज सकाळी काकू दूध तापवायच्या आधी काचेची पिचकारी उकळायच्या, मडक्यातल्या गार वाळूत ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढायच्या, आणि काका स्वतःच्या मांडीत सुई टोचायचे. एवढ्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. काकांनी त्यावर एक सिद्धांत काढला.

"साखर म्हणजे कच्चा माल," ते मला समजावत. "माल गेटवर पडून राहिला तर दोष मालाचा का? शॉपचा! शॉप बंद आहे म्हणून माल पडला. साखरेला काम द्या, ती पळते."

"काका, पेशीत जायला इन्सुलिन लागतं," मी कोटाच्या खिशाला हात लावून म्हणायची.

"तो गेटपास झाला. पासानं माल आत जातो, बरोबर. पण शॉप जोरात चालू असलं ना, तर आतली माणसं बाहेर येऊन माल ओढून नेतात. पास कोण विचारून राहिलं? काहून, तुझं पुस्तक काय म्हणते?"

माझं पुस्तक त्यावर काहीच म्हणत नव्हतं. म्हणून मी हसायची, एखाद्या अडाणी माणसाला हसावं तसं. पुढे कैक वर्षांनी वाचनात आलं की काम करणारा स्नायू खरोखरच तसं करतो. तोवर काका गेले होते आणि माझा तोराही.

तर साखरेला काम द्यायचं म्हणून काका पहाटे खाकी हाफपँट घालून अंगणात उतरायचे. दंड, बैठका, आणि दोन मुद्गल. एक त्यांच्या वडिलांचा आणि दुसरा कारखान्यातल्या लाकडाच्या ओंडक्यातून स्वतः घडवलेला. मुद्गल फिरताना असा आवाज यायचा की नव्या भाडेकरूला विमान आल्यासारखं वाटायचं. लढाईच्या त्या दिवसांत खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवलेले, सगळे जरा घाबरलेलेच. माझ्या पहिल्या आठवड्यात मी पहाटे त्या आवाजाने खाटेखाली शिरले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

कसरत एकट्याने करण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. घरी कोणीही आलं तरी चहाच्या आधी बैठका. पोस्टमन त्यामुळे पत्रं कुंपणावरून आत फेकायचा. मला बघायला नागपूरचा एक मुलगा आला, तोही यातून सुटला नाही. माझे मामा, मुलाची आई, सगळे ओट्यावर बसलेले. काकांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पगार राहू द्या. बैठका किती मारता?"

मुलगा भला. उठला आणि मारायला लागला. मुलाची आई म्हणत होती, "अरे, काहून करून राहिला?" आणि काका मोठमोठ्यानं दम देत होते, "खाली! अजून खाली!" तेवढ्यात त्याची नवी टेरिलिनची पँट मागे टर्रकन उसवली. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून जमिनीवर बसले. त्यानं उभं राहून मागे हात लावून पाहिलं आणि स्वतःच खदाखदा हसला. लग्न मी त्याच्याशीच केलं. आता तो ऐंशीच्या पुढे आहे आणि तसली पँट आपल्याकडे कधी नव्हतीच म्हणतो.

कसरतीपेक्षा वाईट होती ती साखरबंदी. खोली देतानाच काका अट सांगायचे: अंगणाच्या आत साखर, गूळ, मिठाई येणार नाही. "शत्रूला आपल्याच छावणीत रेशन द्यायचं का?" दिवाळीला या घरात फक्त चकल्या आणि शेव. चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी ते हातात कंदील घेऊन सहज फिरल्यासारखे सगळ्या दारांवरून जायचे आणि नाक वर करायचे. मी तर या नियमाची सगळ्यात मोठी पुरस्कर्ती. मिश्राइन भाभीला शास्त्रीय कारणं सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हाँ दीदी, आप तो पढ़ी-लिखी हो."

एक गोष्ट मात्र विचित्र होती. अंगणात उघड्यावर नळी उकळणारा हा माणूस कारखान्याच्या गेटच्या आत साखरेचं नाव काढत नसे. शॉपमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. एकदा मी रस्त्यात एका कारीगरासमोर, "काका, आज कुठला रंग?" असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी सायकल आपोआप पुढे गेली. काकूंनी मग कारण सांगितलं. "त्याईले खुर्चीची भीती वाटते."

खुर्ची म्हणजे गेटजवळच्या खोलीतली. ज्याला डॉक्टरांनी अवजड कामाला नालायक ठरवलं त्याला तिथे बसवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बिल्ले द्यायचे आणि परत घ्यायचे. काकांचा एक दोस्त छातीच्या दुखण्यानंतर तिथे बसला होता. काका त्या खोलीवरून जाताना तोंड फिरवून जायचे. मशीन शॉपपासून लांब बसून भोंग्याची वाट बघणं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटायचं.

आणि लढाईच्या त्याच थंडीत हुकूम निघाला. लांब पाळ्या सुरू होणार, म्हणून शॉपच्या सगळ्या मुख्य माणसांची तपासणी मेडिकल बोर्डासमोर व्हायची होती. हृदय, डोळे, रक्त. उपाशी पोटी रक्त द्यायचं, म्हणजे काकांची सकाळची सुई त्यानंतर. रक्त काढणार मी, तपासणार मी, आणि बोर्डात आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर.

काका त्या दिवसांत राग विसरले होते. ओट्यावर बसून मला हळू आवाजात विचारत, म्हणजे शेजारच्या गल्लीलाच ऐकू येईल इतक्या, "पोरी, खरं सांग. खुर्ची का?"

"तुमचीच थिअरी आहे ना, काका? काम जास्त, साखर कमी. साधं गणित आहे," मी म्हणाले. स्वतःला जे गणित माहीत नाही त्याला साधं म्हणायची मला तेव्हा सवय होती.

मग काय विचारता. तपासणीच्या दिवशी काका उठले ते जणू आघाडीवर निघाले. दंड, बैठका, दोन्ही मुद्गल, पुन्हा बैठका. अंगणात दंवाचा ओलावा आणि त्यात त्यांच्या अंगातून वाफ निघत होती. काकू दारातून म्हणाल्या, "पुरे करा ना! रक्त द्यायचं आहे का जीव?" तेवढ्यानेही भागलं नाही. कारखान्याच्या वाटेवरच्या चढावर त्यांनी सायकल अशी हाणली की मी मागे राहिले आणि एक टांगेवाला (तिकडे दादाला बड्डे म्हणतात) ओरडला, "बड्डे, लड़ाई उधर है, इधर नहीं!"

दवाखान्यात आले ते लालबुंद, धापा टाकत, पण विजयी. बाही वर केली. "काढ! आज एक दाणा सापडणार नाही."

मी रक्त काढलं. तपासलं. आकडा पाहिला आणि औषधांवर संशय घेतला. नवी औषधं काढून पुन्हा तपासलं. नळ्या धुतल्या, तिसऱ्यांदा तपासलं. काकांच्या रक्तात त्या दिवशी जितकी साखर होती तितकी मी त्यांच्यात आधी कधीच पाहिली नव्हती.

मोठे डॉक्टर म्हातारे, लखनौकडचे, कधी घाईत नसत. त्यांनी कागद पाहिला, दाराबाहेर बाकावर घाम पुसत बसलेल्या काकांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ये दौड़ के आए हैं क्या?"

मी सगळं सांगितलं. माझं गणितही सांगितलं. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

"बिटिया, इतना ज़ोर लगाओगे तो शरीर क्या समझेगा? जंग छिड़ गई! सायरन बजा, लिवर ने गोदाम खोल दिया, जितनी शक्कर थी सब सड़क पर। ऊपर से सुबह की सुई भी नहीं लगी। हाथ-पैर के पट्ठे खर्च कितना करेंगे? आराम से टहलते हुए आते तो ये तमाशा न होता।"

माझा एक नातू आहे, त्यालाही साखर आहे. दंडावर साखर मोजणारं बटण चिकटवून जिमला जातो. वजनं उचलली की त्याच्या फोनवर आकडा चढतो आणि तो घाबरून मला फोन करतो. मी म्हणते, बस जरा, गोदाम उघडलं आहे, बंद होईल. त्याला वाटतं आजीला फार कळतं.

डॉक्टरांनी बोर्डाला सांगून आठवड्याने पुन्हा रक्त घ्यायचं ठरवलं. पण काकांनी यातलं एवढंच ऐकलं की साखर वाढली. त्यांनी चिडून तिथेच सुई घेतली, घरून आणलेल्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली आणि शॉपमध्ये निघून गेले. दुपारची जेवणाची सुट्टीही त्यांनी कारीगरांवर ओरडण्यात घालवली असं नंतर कळलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. काका आले ते सरळ नळाकडे गेले आणि नळाला झापायला लागले. "ड्यूटी कहाँ है तुम्हारी? किससे पूछ के बैठे हो यहाँ?" मिश्राइन भाभीने मुकाट्याने कपडे काढायला घेतले. मी हसले. आमच्या घरात हा काही नवा देखावा नव्हता. काका नळाला नेहमीच झापत. मग ते तुळशीकडे वळले आणि तिची हजेरी घेऊ लागले. तरी आम्ही हसतच होतो.

मग ते स्टुलावर बसायला गेले आणि स्टुलाच्या शेजारी बसले.

काकूंच्या हातातलं ताट पडलं. मी धावत गेले. आम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतो आणि काकांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. हात गार. डोळे माझ्याकडे होते, पण मी कोण ते त्यांना उमगत नव्हतं.

"साखर!" मी ओरडले. "साखर उतरली यांची! साखर आणा कोणीतरी!"

पण साखर कुठली आणणार? ज्या घरात साखरेला बंदी, तिथे साखरेवाचून माणूस चालला होता. दुकान ओमती नाल्याच्या बाजूला, लांब. काकू डोळे मिटून नुसतं "अहो, अहो" करत होत्या. कोणी कोणाकडे बघेना.

पहिल्यांदा हलली मिश्राइन भाभी. हातातले कपडे टाकून आत गेली आणि पदराखालून पानाचा द्रोण घेऊन आली. जबलपूरच्या त्या खोव्याच्या जलेब्या, काळ्याभोर, पाकाने निथळणाऱ्या. मग काकूंनी डोळे उघडले, उठल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बेसनाचा लाडू काढला. तिकडच्या खोलीतल्या म्हाताऱ्या गार्डसाहेबांनी उशीच्या अभ्र्यातून खडीसाखर काढली. आणि मी? शास्त्रीय कारणं सांगणारी मी? माझ्या ट्रंकेत, केमिस्ट्रीच्या पुस्तकांच्या खाली, आईने पाठवलेल्या संत्रा बर्फीचा अख्खा डबा होता. आणताना मी सगळ्यात जोरात धावले.

घोट गिळता येतोय हे बघून काकूंनी जलेबीचा पाक चमच्याने त्यांच्या तोंडात घातला. मग थोडा थोडा लाडू. आम्ही सगळे गोल बसून काकांच्या तोंडाकडे बघत होतो. हळूहळू डोळ्यांत ओळख आली. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग द्रोणाकडे, लाडवाकडे, खडीसाखरेकडे, माझ्या डब्याकडे.

"इतका माल?" शेवटी म्हणाले. "माझ्या गेटच्या आत?"

मिश्राइन भाभी म्हणाली, "भाई साहब, पहले खा लीजिए, बाद में तलाशी ले लेना।" काकूंना हसू आणि रडू एकदम आलं. काकांनी बर्फीचा तुकडा उचलला, चावला, आणि विचारलं, "नागपूरची का?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्यांना समोर बसवून समजावलं. मीही तिथे होते. कोटाच्या खिशाला पेनं न लावता, पहिल्यांदाच. "गोदाम कल आपने खाली कर दिया, फ़ोरमैन साहब। खाली गोदाम अब दिन भर, रात भर माल खींचेगा, और ऐसे में वही सुई दुगुना काम करती है। कसरत कीजिए, रोज़ कीजिए, खाने का हिसाब रखकर। दुश्मन पर हमला समझ के मत कीजिए।"

आठवडाभर काका जेवून काकूंबरोबर फिरायला गेले. काकूंना लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याबरोबर फिरायला मिळत होतं. त्या नवी चप्पल घालून जायच्या. दुसऱ्या तपासणीला काका सायकल हातात धरून चालत आले. आकडा चांगला आला. बोर्डाने त्यांना शॉपमध्ये ठेवलं, पण डॉक्टरांनी एक अट घातली: खिशात कायम गूळ ठेवायचा आणि शॉपमधल्या सगळ्या माणसांना सांगायचं की साहेबांना साखर आहे, साखर उतरली तर ते घामाघूम होतात, भलतंच बोलतात, विनाकारण चिडतात, तसं दिसलं की आधी गूळ द्यायचा.

"सगळ्यांना?" काका म्हणाले.

"सबको। नहीं तो कुर्सी।"

काकांनी सांगितलं. लेथ बंद करवून, सगळ्यांना उभं करून, एका दमात सांगितलं आणि पुन्हा लेथ सुरू करवले. तिथे काय झालं ते त्यांच्या एका कारीगराने रक्त द्यायला आल्यावर मला हसत हसत सांगितलं. त्या दिवशी दुपारीच काका कोणावर तरी गरजले. लगेच चार माणसं खिशात हात घालून पुढे आली. "साहब, गुड़ लीजिए।" काका म्हणाले, मला काही झालं नाही. माणसं म्हणाली, "साहब, आप चिढ़ रहे हैं। डॉक्टर साहब का हुक्म है।" दुसऱ्या दिवशी तेच. काकांनी तोंड उघडायचा अवकाश की गूळ हजर. इतकी वर्षं त्यांच्या आवाजाने दबलेली माणसं आता मोठ्या काळजीने त्यांच्या तोंडासमोर गुळाचे खडे धरत होती, आणि त्यातल्या एकाचाही चेहरा हसरा नसे. हसायचे ते नंतर, चहाच्या टपरीवर.

काही दिवसांनी काका दवाखान्यात आले. बाकावर बसले. रागाने कान लाल.

"पोरी, एका पठ्ठ्यानं आज खरंच लेथवरचा अख्खा जॉब बिघडवला. कामात लक्ष नाही, आणि मी बोललो तर गूळ देऊन राहिला! आता मला खरंच राग आला तर मी काय करायचं? तुझं पुस्तक काय म्हणते?"

पुस्तकात ते नव्हतं. कोट खुंटीवर टांगलेला होता. मी जरा विचार केला आणि म्हणाले, "काका, आधी गूळ खा. खाऊन जो उरेल तो खरा राग."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून पुडी काढली, एक मोठा खडा तोंडात टाकला आणि समोरच्या घड्याळावर डोळे लावून सावकाश चघळत बसले. मी माझ्या नळ्या धुत होते. तोंडातला गूळ संपला. आणखी थोडा वेळ ते तसेच बसले, आत कुठेतरी कान देऊन ऐकल्यासारखे. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले. चेहरा एकदम खुलला.

"उरलाय!" म्हणाले, आणि मोठ्या समाधानाने शॉपच्या दिशेने निघून गेले.